भंगारातल्या पार्टचं गॅरेजमध्येच फर्निचर

आधी एक अट. जो पार्ट अजून कुणाच्या तरी गाडीत चालू शकतो, त्याला ग्राइंडर लावायचा नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला माझं गॅरेज आहे आणि मागच्या शेडमध्ये वडिलांच्या काळापासूनचा माल पडून आहे. लोक येतात, जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं एखादं धडधाकट हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बघतात आणि म्हणतात, याचा लॅम्प करून द्या. मी देत नाही. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ज्यांनी घरची गाडी अजून जपलीय, ते एकेका पार्टसाठी मुंबईच्या कुर्ल्यापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत पालथं घालतात. ते हेड त्यांच्याकडे जायला हवं. लॅम्पला तडा गेलेलं हेडही चालतं.

त्यामुळे माझ्याकडे वस्तू बनते ती बाद मालाची. इंजिनाचा फुटलेला ब्लॉक, मापाच्या बाहेर घासलेला ब्रेक ड्रम, दात गेलेलं फ्लायव्हील, गाडीच्या तुटलेल्या कमानीतले (लीफ स्प्रिंगमधले) उरलेले पाटे. हा माल किलोवर मिळतो आणि त्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं.

माझं दुसरं म्हणणं असं, की गाडीत त्या पार्टचा जो गुण होता, तोच गॅरेजमध्ये कामाला आला पाहिजे. चाकाचा हब फिरतो, म्हणून त्याचं फिरतं स्टूल करायचं. पाटा वजन पेलतो, म्हणून त्याच्यावर टेबलाची काच ठेवायची. व्हॉल्व्हची दांडी सरळ आणि चिवट असते, तिच्यावर एप्रन टांगायचे. नट-बोल्टांची माणसं आणि प्राणी मी करत नाही. ते दिसतात छान, पण वर्षभराने धूळ खात पडतात.

बीड, लोखंड की अॅल्युमिनियम

हातातला पार्ट कशाचा आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. जोडायचं कसं, धुवायचं कशाने आणि भोक पाडायचं कुठे, हे सगळं त्यावर ठरतं.

पहिल्यांदा लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर बहुतेक अॅल्युमिनियम: पिस्टन, गिअरबॉक्सचं घर, बऱ्याच कारचं हेड. चिकटला तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड (कास्ट आयर्न), आहे की पोलाद, हे बघायला कोपऱ्यावर ग्राइंडर नुसता टेकवा आणि ठिणग्या बघा. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद तांबूस असतात, चाकापासून थोड्या अंतरावरच विझतात. साध्या लोखंडाच्या, म्हणजे एम.एस.च्या (माइल्ड स्टीलच्या) ठिणग्या लांब, पिवळसर पांढऱ्या, सरळ रेघेत जातात. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, तिथे ठिणगी शेवटी फुटते आणि चांदण्या उडतात. खात्री करायची असेल तर ड्रिल मारून बघा. बिडातून भुकटी पडते, लोखंडातून वळलेली सळी निघते.

ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, डिझेल इंजिनाचा ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बहुतेक बिडाचे असतात. कॅमशाफ्टही बऱ्याचदा बिडाचीच असते आणि फरशीवर पडली तर दोन तुकडे होऊ शकतात. कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), एक्सल शाफ्ट आणि व्हॉल्व्ह पोलादाचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिडाला साधा वेल्डिंग रॉड चालवू नका. टाका बसल्यासारखा दिसतो आणि थंड होताना शेजारीच केसाएवढा तडा जातो. फर्निचरमध्ये हा तडा माणूस बसल्यावर उघडतो. बिडाला निकेल रॉड लागतो, आधी पार्ट तापवावा लागतो, इंच-इंच टाके घालावे लागतात आणि मग राखेत किंवा चुन्यात गाडून सावकाश थंड करावा लागतो. एवढा खटाटोप इंजिन वाचवायला ठीक आहे. स्टुलासाठी बोल्ट वापरा. माझ्या शेजारचे लेथवाले मामा पंचवीस वर्षं तेच सांगत आलेत: "बिडाला रॉड कशाला लावालास? भोक हाय, आटे हायत, बोल्ट टाक की."

त्यांचं बरोबर आहे. इंजिनाच्या पार्टवर कारखान्यानेच इतकी भोकं आणि इतके आटे दिलेले असतात, की बहुतेक वेळा नवीन भोक पाडायची वेळच येत नाही. तीच भोकं वापरा. नवीन भोक लागलंच तर बिडात टॅप (आटे पाडायचं हत्यार) सहज चालतो, पण बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी खोल आटे हवेत.

पाट्यांचंही तसंच. कमानीचं पोलाद कडक केलेलं असतं. वेल्डिंग केलं की टाक्याच्या बाजूचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा तिथेच मोडतो. साध्या ड्रिलने त्यात भोकही पडत नाही, बिट जळतो. मधलं सेंटर बोल्टचं भोक असतं, मुख्य पाट्याला टोकाला डोळे असतात. त्यावर भागवा, नाहीतर यू-क्लॅम्पने आवळा.

घेताना

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत कुर्ला आहे, दिल्लीकडे असाल तर मायापुरी. पण आपल्याच गावातल्या रिबोअरिंगवाल्याशी, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा मापात कातून देणाऱ्याशी, ओळख ठेवा. बाद ब्लॉक आणि पिस्टन त्याच्याकडेच साठतात, आणि कुठला पार्ट का बाद झाला हे त्याला माहीत असतं.

ब्लॉकवर इंजिन नंबर कोरलेला असतो. तो घासून काढू नका आणि घासलेला ब्लॉक विकतही घेऊ नका. पावती घ्या, तिच्यावर नंबर लिहून घ्या. स्वतःच्याच बाद गाडीचे पार्ट काढत असाल तर आधी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५: गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. हे राहिलं तर गाडी तुमच्या टेबलाखाली असते आणि कागदावर रस्त्यावर.

धुलाई

काम सुंदर दिसणार की नाही, ते इथेच ठरतं. रंग नंतरची गोष्ट.

पहिला हात डिझेल आणि ब्रशचा. ऑइलचा थर, चिखल, गॅस्केटचे तुकडे पत्र्याच्या खुरपणीने काढा. मग गरम पाणी आणि धुण्याची पावडर. मोठा ब्लॉक असेल तर रिबोअरिंगवाल्याच्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकून आणा, एका उकळीत आतल्या पाण्याच्या वाटांतला गाळसुद्धा सुटतो. पण कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो. पिस्टन किंवा अॅल्युमिनियमचं हेड त्या टाकीत गेलं तर फेस येतो आणि पार्ट काळा पडून कुरतडला जातो. त्याच्यासोबत जो वायू सुटतो तो पेट घेणारा असतो. अॅल्युमिनियमला डिझेल, साबण आणि नायलॉनचा ब्रश एवढंच पुरे.

ब्रेक ड्रम आणि क्लच प्लेट कधीही कोरडी झटकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो, आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की तिथेच राहते. आधी पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या गॅरेजमध्ये पोरांना ड्रम उघडला की फुंकर मारायची सवय होती. ती मी बंद करून घेतली आणि तुम्हीही करून घ्या.

गंजाला माझी आवडती पद्धत विजेची. प्लॅस्टिकचा ड्रम, त्यात पाणी, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर पार्टला, पॉझिटिव्ह वायर शेजारी सोडलेल्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज मऊ होतो आणि ब्रशने निघतो, खालचा धातू जरासुद्धा झिजत नाही. पट्टी साध्या लोखंडाचीच हवी. स्टेनलेस लावली तर पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्यावर करा आणि जवळपास बिडी-सिगारेट नको. चिमटा काढायच्या आधी चार्जर बंद.

ज्यांना घाई नाही त्यांनी उसाच्या मळीचं (मोलॅसिसचं) पाणी वापरावं. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, लोखंडी पार्ट आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा. वास उग्र येतो, पण कानाकोपऱ्यातला, ब्रश न पोचणारा गंजही सुटतो. यातही अॅल्युमिनियम घालायचं नाही.

धुतलेला बिडाचा पार्ट ताबडतोब कोरडा करा. आमच्याकडच्या पावसाळ्यात तासाभरात त्याच्यावर तांबूस झाक येते. कॉम्प्रेसरची हवा, मग लगेच प्रायमर किंवा लॅकर. ओतीव खडबडीत अंगाला रेड ऑक्साइड आणि वर ग्रे किंवा काळा रंग छान बसतो. मशिनिंग केलेला सपाट भाग मी कधीच रंगवत नाही, त्याला पारदर्शक लॅकर मारतो. रंगवण्याआधी ब्लॉकचं अंग एकदा नीट बघा: साच्याचे दोन भाग जिथे जुळले ती उभी रेघ, वाळूच्या दाण्यांचा ठसा, ओतताना उठवलेले आकडे. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव, इथल्या माणसाला त्या रेघेवरून साचा कसा उघडला असेल ते दिसतं. ती रेघ घासून गुळगुळीत करू नका. आकड्यांवर रंग वाळला की बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर धरून एकच हात फिरवा. उठावाचा माथा चमकतो आणि अक्षरं वाचता येतात.

फिरतं स्टूल

गॅरेजला सगळ्यात जास्त उपयोग याचा. वर्षानुवर्षं टिकतं आणि आपल्या मापाचं होतं.

छोट्या टेम्पोच्या पुढच्या चाकाचा हब शोधा. त्याच्यात दोन टेपर बेअरिंग असतात, आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान. त्यांचे कप, म्हणजे बाहेरच्या कड्या, हबमध्ये ठोकलेले असतात. ते घासलेले किंवा खवले पडलेले असले तरी स्टुलाला चालतात, फक्त फुटलेले नकोत. मूळ स्टब एक्सल, म्हणजे गाडीत हब ज्या दांड्यावर फिरतो तो, वापरायचा मोह सोडा. त्याला मागे किंगपिनचे कान असतात आणि तो उभा बसवता येत नाही. त्याऐवजी लेथवर नवीन शाफ्ट करून घ्या. दोन्ही बेअरिंगचे आतले व्यास आणि त्यांच्यामधलं अंतर व्हर्निअरने मोजून लेथवाल्याला द्या, किंवा सरळ हबच त्याच्या हातात ठेवा. खाली मोठ्या बेअरिंगला टेकायला खांदा, वर लहान बेअरिंगची बैठक, त्याच्या वर कॅसल नटाचे (खाचा असलेल्या नटाचे) आटे आणि स्प्लिट पिनचं भोक. साध्या एम.एस. बारमध्ये होतं.

बसवताना मोठं बेअरिंग खाली आणि चाकाचे स्टड वर. गाडीत हब जसा आडवा असतो तसाच, फक्त शाफ्ट उभा केलेला. मग बसणाऱ्याचं सगळं वजन मोठ्या बेअरिंगवरून शाफ्टच्या खांद्यावर उतरतं. उलटा बसवला तर ते वजन लहान बेअरिंगवर आणि नटावर येतं.

ग्रीस भरा, नट आवळत जा आणि दुसऱ्या हाताने हब फिरवत राहा. हब जड फिरायला लागला की थांबा, नट एक खाच मागे घ्या, पिन घाला. हबला हाताने हलवून बघा. खडखड नको आणि अडखळही नको.

बुडाला टेम्पोची १६ इंची लोखंडी रिम. रिम एम.एस.ची असते, पण तिथेही मी थेट वेल्डिंग करत नाही. आठ एमएमची गोल प्लेट कापून घ्या, रिमच्या चाकाच्या भोकांतून बोल्टने बसवा, आणि प्लेटवर काळा पाइप वेल्ड करा. पाइपात शाफ्टचं खालचं टोक घालून वरून टाका घ्या. हे सगळं लोखंडाला लोखंड, इथे रॉड बिनधास्त चालवा. फक्त पाइप जी.आय.चा, म्हणजे जस्त चढवलेला, नको. जस्ताचा धूर श्वासातून आत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. टाके घालताना बेअरिंग उतरवून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा पाइपलाच लावा. बेअरिंगमधून करंट गेला तर रोलरवर खड्डे पडतात.

पाइपची उंची कापण्याआधी मोजा. तुमचं काम ज्या टेबलावर आहे त्याच्यापेक्षा बैठक दहा ते बारा इंच खाली हवी. चाकाशी बसून ब्रेकचं काम करणाऱ्याला मात्र चौदा इंचाचं बुटकं स्टूल लागतं, त्यात पाइप जवळजवळ उरतच नाही.

बैठकीला सहा एमएमची प्लेट, मध्ये नट मावेल एवढं भोक, चाकाच्याच नटांनी स्टडवर आवळलेली. तिच्यावर प्लायवूड, फोम आणि रेक्झिन. सीट कव्हरवाल्याकडून शिवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रॅक्टरची लोखंडी सीट मिळाली तर तीही बसते आणि ऑइलच्या हातांना तीच बरी.

ब्लॉकचं टेबल

गिऱ्हाईक बसतं तिथे मी चार सिलिंडरच्या डिझेल ब्लॉकचं टेबल ठेवलंय. टाटाचं ४९७ इंजिन आहे: चार सिलिंडर आणि ९७ एमएमचा बोअर, म्हणून ४९७. स्ट्रोक १०० एमएम, सगळं मिळून २,९५६ सीसी. लहान मुलं टेबलाभोवती घोळका करतात आणि पिस्टनकडे बोट दाखवून विचारतात. म्हणून पिस्टन बसवताना नीट बसवा. पहिला आणि चौथा वर, दुसरा आणि तिसरा खाली. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात ते असेच जोडीने चालतात. चारही एका उंचीला बसवलेलं टेबल मी कित्येक ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. पिस्टन खालून एम.एस.च्या पट्टीवर टेकवा, म्हणजे हवी ती उंची मिळते. रिंगा काढून ठेवा, नाहीतर पिस्टन बोअरमध्ये अडकून बसतो.

ब्लॉक एकट्याने उचलू नका. चेन ब्लॉक किंवा इंजिन होइस्ट घ्या आणि ब्लॉकच्याच उचलायच्या आट्यांत आयबोल्ट टाका. खाली ५० एमएमच्या अँगलची चौकट, तिला चार चाकं, त्यातली दोन लॉकची. चाकांची ताकद धरताना चाराऐवजी तीनच चाकं हिशोबात घ्या. आपली फरशी कधी सपाट नसते आणि एक चाक नेहमी हवेत असतं.

काचेची अडचण अशी, की ब्लॉकचा माथा अरुंद असतो. दोन फूट रुंद काच नुसती त्याच्यावर ठेवली आणि कुणी कडेला हात टेकला, तर पलीकडची कड उचलते. इथे पाटे उपयोगी पडतात. कमानीतले दोन फुटांच्या आसपासचे दोन सारखे पाटे घ्या आणि ब्लॉकवर आडवे टाका, एक पुढे, एक मागे, टोकं वर उचललेली. काच त्या चार टोकांवर बसते. पाट्याचं मधलं भोक आणि हेड बोल्टचे आटे एका मापाचे नसतात, म्हणून लेथवर पायरीचा स्टड करून घ्यायचा: खाली ब्लॉकचे आटे, वर पाट्याच्या भोकाचं माप. एका बोल्टवर पाटा फिरतो. त्याच्यावर दहा एमएमची पट्टी आडवी टाकून दोन्ही बाजूंना आणखी एकेक स्टड घ्या, म्हणजे पाटा चिमट्यात धरल्यासारखा बसतो.

काच १२ एमएमची, टफन्ड. कोपरे गोल आणि कडा पॉलिश करूनच टफनिंगला पाठवायला सांगा. एकदा टफन झाल्यावर तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, ती भुगा होते. चारही टोकांवर पारदर्शक सिलिकॉनची बटणं लावा. पोलादाला काच थेट टेकवायची नाही.

बसायला बाक

मारुती ८०० किंवा ओम्नीची मागची सीट भंगारात सहज मिळते. गाडीत ती जमिनीला लागून असते. तशीच चौकटीवर बसवली तर आजी-आजोबांना उठता येत नाही. बैठकीची पुढची कड सतरा-अठरा इंचांवर येईल अशी चौकट करा, मागची बाजू इंचभर खाली ठेवा. ३५ एमएमचा अँगल पुरतो. सीटच्या मूळ हुकांना आणि बोल्टांना चौकटीवर तशाच जागा द्या, म्हणजे धुवायला सीट काढता येते. फोम दाबून उठत नसेल तर बदला. गाडी दुरुस्त होईपर्यंत माणूस तिथे दोन-दोन तास बसतो, त्याच्या पाठीची काळजी आपणच घ्यायला हवी.

भिंतीवर

व्हॉल्व्हचे खुंटे सगळ्यात सोपे. जुन्या सागवानी दाराची फळी किंवा ट्रकच्या हौद्याची फळी घ्या, व्हॉल्व्हच्या दांडीच्या मापाचं भोक थोडं वर तिरकं पाडा, दांडी अॅराल्डाइट लावून आत ठोका. बाहेर राहिलेल्या टोकाची गोल टोपी एप्रन घसरू देत नाही. दांडी कापावी लागली तर जुन्या साध्या इंजिनाच्याच व्हॉल्व्ह कापा. काही जोरदार आणि टर्बो इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असतात आणि आत सोडियम भरलेला असतो. तो पाण्याला लागला की भडकतो. इंजिन कुठलं ते माहीत नसेल तर न कापता जाड फळी घ्या.

कॉनरॉडचं मोठं डोकं उघडून पाइपवर आवळलं की पान्यांचा स्टँड होतो. ऑइल चेंबर धुऊन उलटवला की नट-बोल्टांचा ट्रे. टायमिंग गिअरमागे घड्याळाचं मशिन बसतं. ब्रेक ड्रम किंवा फ्लायव्हील भिंतीवर लावायचं असेल तर विटेच्या भिंतीत प्लॅस्टिकचा गट्टू चालणार नाही. लोखंडी अँकर फास्टनर, तोही गिलाव्यात नव्हे तर विटेत पोचलेला, आणि कधीही माणूस बसतो त्याच्या डोक्यावर नाही.

लॅम्प

तडा गेलेली क्रँक किंवा कॅमशाफ्ट उभी करून लॅम्प छान होतो. बुडाला फ्लायव्हील बोल्ट करा, क्रँकच्या मागच्या फ्लँजला ते मुळात बसतंच. मला सुचवायचंय ते विजेबद्दल. सगळं अंग धातूचं आहे. २३० व्होल्ट आत न्यायचे असतील तर तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि हिरवी तार फ्लायव्हीलच्या बोल्टखाली वॉशर घालून घट्ट. धातूतून वायर जिथे आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट, नाहीतर कडेवर घासून ती उघडी पडते. मी हल्ली १२ व्होल्टचं एलईडी आणि भिंतीवरचा अॅडॉप्टर वापरतो. लहान मुलांच्या घरात जाणार असेल तर दुसरं काही देतच नाही.

ज्याला हात लावायचा नाही

पेट्रोल टँक. रिकामा, धुतलेला, वर्षानुवर्षं उन्हात पडलेला असला तरी त्याला ग्राइंडर किंवा वेल्डिंग नाही. आतली वाफ पेट्रोलपेक्षा वाईट. गॅसचा शॉकअब्सॉर्बर कापायचा नाही, त्याच्यात दाब असतो. स्प्रिंगसकट स्ट्रट आला तर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय वरचा नट सोडायचा नाही. स्प्रिंग उसळली तर हात जातो. एअरबॅगचं स्टेअरिंग भिंतीवर लावायचं असेल तर आधी बॅग कंपनीच्या वर्कशॉपमधून काढून घ्या. जुनी बॅटरी शोभेला ठेवू नका. आत शिसं आणि अॅसिड असतं, नवी घेताना दुकानदाराकडे परत करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फोडू नका, आतली भुकटी श्वासात जायला नको.

नंतरची निगा

स्टुलाच्या हबला वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, ग्रीस बदला आणि नटाचा हलका खेळ तपासा. पाट्यांना मेणाचा पातळ हात द्या, ऑइल लावू नका, कपड्यांना लागतं. लॅकर जिथे उडाला तिथे गंजाचा ठिपका दिसताच बारीक पेपर मारून पुन्हा लावा. ठिपका वाढू दिला तर सगळा लॅकर उतरवावा लागतो. ब्लॉकच्या चाकांचे लॉक दर महिन्याला दाबून बघा, आणि टेबल सरकवायचं असेल तेव्हा आधी काच उचलून बाजूला ठेवा.